‘डोक्यात हवा राहिली आहे’ म्हणजे नेमके काय?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ७४ वर्षांचे, निफाड तालुक्यातील शेतकरी. दीड महिन्यापूर्वी ते गोठ्यात पाय घसरून पडले. तेव्हा काही जाणवले नाही, पण पुढे चालताना तोल जाऊ लागला आणि बोलणे तुटक झाले. नाशिकला सीटी स्कॅन केल्यावर मेंदूच्या दोन्ही बाजूंना जुने रक्त साठल्याचे दिसले आणि चार दिवसांपूर्वी कवटीला भोके पाडून ते काढण्यात आले. दुसऱ्या दिवशीच्या स्कॅनच्या अहवालात ‘न्यूमोसेफॅलस’ हा शब्द आला. डॉक्टरांनी सांगितले की थोडी हवा राहिली आहे, सपाट झोपवून ऑक्सिजन देऊ, ती आपोआप जाईल. नात्यातील एका गृहस्थांचे म्हणणे असे की हवा आत राहणे हा निष्काळजीपणा आहे, असल्या हवेने माणूस दगावतो, आणि वडिलांना ताबडतोब विमानाने मोठ्या शहरात हलवावे. यात खरे काय मानावे?

मी नाशिकमध्ये गेली अनेक वर्षे मेंदूच्या शस्त्रक्रिया करतो आहे. तुमच्या वडिलांना मी तपासलेले नाही आणि त्यांचा स्कॅनही पाहिलेला नाही, म्हणून पुढील उत्तर हे त्या अहवालावरचे मत नसून तो अहवाल कसा वाचावा याबद्दलचे आहे. विमानाचे मात्र आधीच सांगतो: आत हवा असताना विमान नको. कारण पुढे येईलच.

आपल्याकडे ‘डोक्यात हवा गेली’ असे ज्याच्याबद्दल म्हणतात त्याला काही होत नाही, त्रास होतो तो भोवतालच्यांना. कवटीतील खऱ्या हवेबाबत मात्र लोक दोन टोकांना जातात. काही जण तो शब्द ऐकूनच हातपाय गाळतात, तर काही जण ‘हवाच तर आहे’ म्हणून रुग्णाच्या वाढत्या झापडीकडे दुर्लक्ष करतात. दोन्ही चुका एकाच गैरसमजातून होतात, आणि तो गैरसमज म्हणजे हवेलाच रोग समजणे. हवा विषारी नाही. धोका आहे तो दाबाचा, आणि तो दाब किती आहे हे स्कॅनवरील काळ्या डागाच्या आकारापेक्षा रुग्णाच्या जागेपणावरून अधिक खात्रीने कळते.

हवा स्वतः विषारी नाही याचा सर्वांत मोठा पुरावा आमच्याच शास्त्राच्या इतिहासात आहे. १९१३ साली न्यूयॉर्कमधील लकेट यांनी कवटी फुटलेल्या एका रुग्णाच्या एक्स-रेमध्ये मेंदूच्या आतील पोकळ्या हवेने भरलेल्या पाहिल्या. पुढे १९१८ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील वॉल्टर डँडी यांनी तीच गोष्ट मुद्दाम करायला सुरुवात केली: मेंदूतील पाणी काढून त्याजागी हवा भरायची आणि एक्स-रे काढायचा, म्हणजे गाठीमुळे कोणती पोकळी कुठे सरकली आहे ते दिसते. पुढच्याच वर्षी त्यांनी कमरेतून हवा सोडण्याची पद्धतही मांडली. १९७० च्या दशकात सीटी स्कॅन येईपर्यंत जगभर असंख्य रुग्णांच्या डोक्यात डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने हवा भरली. त्या तपासणीनंतर होणारी भयंकर डोकेदुखी आणि उलट्या जुन्या पिढीतील डॉक्टरांना चांगल्या आठवतात; पण ती हवा बहुतेकांच्या शरीराने काही दिवसांत शोषून घेतली.

मग जीव केव्हा धोक्यात येतो? कवटी हा मोठ्या माणसात न ताणणारा हाडाचा डबा आहे. त्यात मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतालचे सुमारे १५० मिलिलिटर पाणी एवढेच मावते, आणि यांतील एकाने जागा जास्त घेतली तर दुसऱ्याला ती सोडावी लागते. मन्रो आणि केली यांच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम आम्हाला पहिल्याच वर्षी पाठ करावा लागतो. नवे काही आत शिरले की सुरुवातीला थोडे पाणी पाठीच्या कण्याकडे सरकते, थोडे रक्त शिरांतून बाहेर जाते आणि दाब फारसा वाढत नाही. ही सोय संपली की मात्र पुढचे थोडेसे मिलिलिटरही दाब झपाट्याने चढवतात. एरवी ७ ते १५ मिलिमीटर पारा असणारा दाब मग वाढत जातो आणि मेंदूला रक्त पोहोचणे कठीण होते. हवेने ही पायरी गाठली की तिला ‘टेन्शन न्यूमोसेफॅलस’ म्हणतात. ती खरी आणीबाणी आहे, आणि तुमचे नातेवाईक ज्याला घाबरत आहेत ते हेच.

तुमच्या वडिलांच्या शस्त्रक्रियेत हवा का राहते हे समजून घेतले तर बरीच भीती कमी होईल. उतारवयात मेंदू आधीच थोडा आक्रसलेला असतो. त्यावर कित्येक आठवडे रक्ताचा थर बसून राहिला की तो आणखी दबतो, आणि थर काढून टाकल्याबरोबर स्पंजासारखा फुगून जागेवर येत नाही. त्याला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. मधल्या काळात जी पोकळी उरते तिच्यात सलाइन, उरलेले पातळ रक्त आणि भोकातून शिरलेली थोडी हवा असते. रुग्ण उताणा झोपलेला असतो, हवा हलकी असते, म्हणून ती वर, म्हणजे कपाळाच्या बाजूला जमते. आम्ही पोकळी सलाइनने काठोकाठ भरण्याचा आणि टाके घालताना भोक सर्वांत उंचावर राहील असे डोके धरण्याचा प्रयत्न करतो, तरीही काही हवा राहतेच. कवटी उघडून केलेल्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर तर पहिल्या दोन दिवसांत स्कॅन केला तर जवळजवळ प्रत्येक रुग्णात थोडी हवा सापडते आणि साधारणपणे दोन-तीन आठवड्यांत ती नाहीशी होते. त्यामुळे केवळ हवा दिसली म्हणून कोणाला निष्काळजी म्हणणे न्यायाचे होणार नाही.

निरुपद्रवी हवेची दाबाची हवा होण्याचे मार्ग मोजके आहेत. पहिला मार्ग सायकलच्या ट्यूबला असलेल्या व्हॉल्व्हसारखा. मेंदूवरील जाड आवरणाला, म्हणजे ड्युराला, अशी फट पडते की खोकताना, शिंकताना, कुंथताना हवा आत ढकलली जाते, पण बाहेर येऊ पाहताच मेंदू किंवा आवरणाची कड त्या फटीवर बसून वाट बंद करते. प्रत्येक खोकल्याबरोबर पंपाचा एक हात मारला जातो. दुसरा मार्ग उपड्या तांब्यासारखा. पाण्याने भरलेला तांब्या उपडा केला की पाणी भुडभुड करीत बाहेर पडते आणि जेवढे पाणी गेले तेवढी हवा आत शिरते. नाकातून किंवा कानातून मेंदूचे पाणी गळत असेल, किंवा कमरेत बसवलेल्या नळीतून ते गरजेपेक्षा जास्त काढले जात असेल, तर वरच्या फटीतून हवा आत ओढली जाते. तिसरा मार्ग भूल देण्याच्या वायूचा. नायट्रस ऑक्साइड रक्तात नायट्रोजनच्या सुमारे ३४ पट विरघळतो, त्यामुळे बंदिस्त हवेच्या कप्प्यात तो जितक्या वेगाने शिरतो तितक्या वेगाने नायट्रोजन बाहेर पडू शकत नाही, आणि कप्पा फुगतो. म्हणून अलीकडे डोक्यात हवा असलेल्या किंवा राहण्याची शक्यता असलेल्या रुग्णात भूलतज्ज्ञ तो टाळतात. हवा तयार करणाऱ्या जंतूंचा संसर्ग हेही एक कारण आहे, पण ते क्वचित.

स्कॅनबद्दल. सीटीच्या मोजपट्टीवर पाणी शून्यावर आणि हवा उणे १००० वर असते, म्हणून ती मिट्ट काळी दिसते आणि थोडी असली तरी नजरेतून सुटत नाही. दाबाखालील हवा दोन्ही बाजूंच्या पुढच्या भागांना मागे रेटते आणि त्यांच्या टोकांमध्येही घुसते, तेव्हा मेंदूची बाह्यरेषा जपानच्या फुजी पर्वताच्या शिखरासारखी दिसते. जपानी डॉक्टरांनी १९८८ मध्ये या चिन्हाला त्याच पर्वताचे नाव दिले. आमच्या भागातील डोंगर बहुतेक सपाट माथ्याचे, त्यामुळे विद्यार्थ्यांना आधी फुजीचे छायाचित्र दाखवावे लागते. हे चिन्ह महत्त्वाचे आहे, पण ते अखेरचा निर्णय देत नाही. फुजीसारखे चित्र असूनही खाटेवर बसून चहा मागणारे रुग्ण मी पाहिले आहेत, आणि २५-३० मिलिलिटर हवेनेही ग्लानीत गेलेले रुग्ण असतात. अहवाल लिहिणारा रेडिओलॉजिस्ट रुग्णाला पाहत नाही. त्याने लिहिलेला शब्द आणि खाटेवरचा माणूस यांची सांगड घालणे हे सर्जनचे काम आहे.

ही सांगड घालण्यात मी स्वतः एकदा उशीर केला होता. मेंदूच्या मागच्या भागातील गाठ काढण्यासाठी रुग्णाला बसवून शस्त्रक्रिया करण्याची पद्धत तेव्हा अधिक वापरात होती. त्या स्थितीत पाणी खाली वाहून जाते आणि हवेला वर चढायला मोकळे रान मिळते, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. चाळिशीतील एका गृहस्थांची गाठ मनासारखी निघाली, पण ते जागे होईनात. भुलीचा अंमल उतरायला वेळ लागत असेल, असे मी भूलतज्ज्ञांना आणि नातेवाईकांना दोनदा सांगितले; खरे तर ते मी स्वतःलाच सांगत होतो. दोन-अडीच तासांनी नाडी मंद आणि रक्तदाब चढता दिसला तेव्हा स्कॅन केला. दोन्ही बाजूंना पुढे काळेभोर मोठे कप्पे होते. कपाळाच्या वर केसांच्या रेषेमागे छोटे भोक पाडून नळी घातली आणि तिचे दुसरे टोक सलाइनच्या वाटीत बुडवले, तेव्हा कितीतरी वेळ बुडबुडे येत राहिले. अर्ध्या तासात त्यांनी डोळे उघडले. ते पूर्ण बरे झाले, पण त्या अडीच तासांचे समर्थन मला आजही करता येत नाही. तेव्हापासून शस्त्रक्रियेनंतर अपेक्षेइतका जागा न झालेला रुग्ण स्कॅन झाल्याशिवाय भुलीच्या खात्यात टाकायचा नाही, हा माझ्या विभागातील नियम आहे.

आता तुम्ही काय पाहायचे ते सांगतो. वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा सुरू झालेल्या उलट्या, फिट, हातापायाची नव्याने आलेली कमजोरी ही लक्षणे कोणाच्याही लक्षात येतात. फसवणारी लक्षणे वेगळी आहेत. हवा मेंदूच्या पुढच्या भागावर दाबते, आणि तो भाग माणसाचा उत्साह, शिष्टाचार आणि पुढाकार सांभाळतो. त्यामुळे काल गप्पा मारणारा रुग्ण आज विचारले तरच उत्तर देतो, तेही एका शब्दात. जेवण समोर ठेवले तर घास हातात धरून बसतो. अंथरुणात लघवी झाली तरी त्याला त्याचे काही वाटत नाही. कधी उलट चिडतो, नळ्या ओढतो. ड्यूटीवरील सिस्टर किंवा निवासी डॉक्टर त्यांना चार दिवसांपासून ओळखतात, तुम्ही जन्मभर ओळखता, त्यामुळे हा बदल बहुधा घरच्यांनाच आधी कळतो. ‘म्हातारपणामुळे असेल’ किंवा ‘दमले असतील’ असे स्वतःच ठरवून गप्प बसू नका. नाडी मंद होणे आणि रक्तदाब चढणे ही फार उशिराची चिन्हे आहेत, त्यांची वाट पाहायची नसते. अशी झापड आली म्हणजे ती हवेमुळेच असेल असेही नाही. पुन्हा रक्त साठणे, फिट येऊन गेल्यानंतरची ग्लानी, रक्तातील सोडियम घटणे, संसर्ग, यांपैकी काहीही असू शकते. म्हणून अशा वेळी रक्ततपासणीबरोबर पुन्हा स्कॅन करावा लागतो.

स्कॅनमध्ये दाबाची हवाच दिसली आणि रुग्ण खालावत असेल, तर उपाय तातडीचा असला तरी तो गुंतागुंतीचा नाही. तुमच्या वडिलांच्या कवटीत भोके आधीच आहेत. जागा बधिर करून एक-दोन टाके उघडायचे, सुई किंवा मऊ नळी घालून हवा सोडायची, पोकळी सलाइनने भरायची आणि बंद पद्धतीची नळी काही काळ ठेवायची. हवा बाहेर पडताना कधी कधी फुस्स असा आवाज येतो आणि तेथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला निदान पटते. कमरेतून पाणी काढणारी नळी चालू असेल तर ती आधी बंद करायची. हवा वारंवार भरत असेल तर मात्र ती कुठून शिरते ती फट शोधून बुजवावी लागते.

रुग्ण जागा आणि स्थिर असेल तर तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलेच उपचार योग्य आहेत, आणि त्यामागचे कारण सरळ आहे. अडकलेल्या हवेचा चार-पंचमांशाच्या जवळपास भाग नायट्रोजनचा असतो. रुग्णाने जवळजवळ शुद्ध ऑक्सिजन श्वासात घेतला की रक्तातील नायट्रोजन घटतो आणि कप्प्यातील नायट्रोजन रक्तात ओढला जाऊन फुप्फुसातून बाहेर पडतो. यासाठी खाली पिशवी असलेला, चेहऱ्यावर नीट बसणारा मास्क लागतो. नाकातील दोन काड्यांतून दिलेल्या ऑक्सिजनने हे काम पुरेसे होत नाही. वडिलांनी मास्क गळ्यात अडकवून ठेवला असेल तर तो उपचार चालू आहे असे समजू नका. मात्र इतका ऑक्सिजन दिवसेंदिवस देणेही फुप्फुसांना चांगले नसते, आणि जुना दमा किंवा बिडीमुळे खराब झालेली फुप्फुसे असतील तर जपून द्यावा लागतो, म्हणून तो किती आणि किती वेळ हे डॉक्टरांवर सोडा. सपाट झोपवण्याने दबलेला मेंदू पुन्हा फुगायला मदत होते, म्हणून या शस्त्रक्रियेनंतर उंच उशी देत नाहीत. कवटीच्या तळाला फट असलेल्या रुग्णात मात्र आम्ही डोके थोडे उंच ठेवतो, तेव्हा शेजारच्या खाटेवरचे पाहून उशी देऊ नका आणि काढूही नका.

छातीत किंवा घशात दाब निर्माण करणारी प्रत्येक गोष्ट काही आठवडे टाळायची आहे. जोराने नाक शिंकरणे नको. शिंक आलीच तर तोंड उघडे ठेवून येऊ द्यावी, नाक दाबून धरू नये. बद्धकोष्ठता होऊ न देणे हा येथे खरोखर मेंदूचा उपचार आहे, म्हणून पोट साफ होण्याचे औषध दिले असेल तर ते चुकवू नका. आमच्या भागातील अनेक वृद्धांना तपकिरीची सवय असते आणि दवाखान्यात कोणी ती विचारत नाही; वडिलांना असेल तर डबी घरी पाठवून द्या. रामकुंडावर जाणारा एखादा शेजारी बरे वाटावे म्हणून कपालभाती किंवा भस्त्रिका सुचवील, तीही सध्या नको, शंख फुंकणेही नको. झोपेत घोरण्यासाठी नाकावर दाबाने हवा सोडणारे यंत्र ते वापरत असतील तर ही गोष्ट आजच डॉक्टरांना सांगा.

विमानाचे कारण असे. प्रवासी विमानाच्या आतील दाब समुद्रसपाटीपासून सुमारे १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तेवढा ठेवलेला असतो. २४०० मीटरला तो समुद्रसपाटीच्या सुमारे तीन-चतुर्थांश होतो, आणि त्या दाबाला बंदिस्त हवा समुद्रसपाटीच्या मानाने एक-तृतीयांशाने फुगते. ज्या कवटीत सोय संपत आलेली आहे तिला एवढी वाढ परवडणारी नाही. घाटाचा प्रश्नही लोक विचारतात. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, म्हणून मुंबईत शस्त्रक्रिया करून कसारा घाटाने वर येणाऱ्या रुग्णाची हवा सहा-सात टक्क्यांनी वाढते. थोड्या हवेच्या, जाग्या रुग्णाला त्याने फरक पडत नाही, पण भरपूर हवा असेल तर मी दोन-चार दिवस थांबायला सांगतो. तुमच्या वडिलांना तर हलवण्याचेच कारण दिसत नाही. हवा दाबाची असेल तर ती येथेच, आहे त्या भोकातून सोडणे रस्त्यावर चार तास घालवण्यापेक्षा सुरक्षित आहे, आणि दाबाची नसेल तर मोठ्या शहरातही हाच मास्क आणि हीच खाट मिळेल.

थोडे विषयांतर, पण महामार्गावरील अपघातांच्या या जिल्ह्यात ते टाळता येत नाही. शस्त्रक्रिया न झालेल्या माणसातही हवा शिरते, आणि त्याचे नेहमीचे कारण म्हणजे कपाळ किंवा चेहरा आपटून कवटीचा तळ फुटणे. दिंडोरीकडील एक तरुण दुचाकीवरून पडल्यानंतर टाके घालून घरी गेला होता. आठ-दहा दिवस त्याच्या एकाच नाकपुडीतून पाणी गळत होते, ते सर्दीचे समजून तो दिवसभर नाक शिंकरीत राहिला आणि अखेर झापड येऊन आमच्याकडे आला. अपघातानंतर पुढे वाकल्यावर नाकातून स्वच्छ पाण्याचा थेंब पडत असेल किंवा घशात खारट चव येत असेल, तर नाक न शिंकरता मेंदूच्या डॉक्टरकडे जावे. ते पाणी मेंदूचे आहे की नाही हे बीटा-टू ट्रान्सफेरिन या तपासणीने ठरवता येते. अशा फटीतून हवेबरोबर जंतूही शिरतात, म्हणून ताप आणि मान आखडणे यांकडे तेवढ्याच तातडीने पाहावे लागते.

डॉक्टरांना निष्काळजी ठरवण्यापूर्वी विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. दर किती तासांनी वडिलांची शुद्ध तपासून नोंद केली जाते? पुढचा स्कॅन केव्हा, आणि त्याआधी झापड आली तर रात्री कोणाला बोलवायचे? पहिल्या स्कॅनच्या मानाने हवा वाढली की घटली? या प्रश्नांची उत्तरे मिळत असतील तर तुमचे वडील योग्य हातांत आहेत. घरी सोडल्यानंतरही दोन-तीन आठवडे घरात कोणीतरी जागरूक असावे, आणि ते उठवूनही नीट उठत नसतील तर १०८ ला फोन करून, उताणे झोपवून, स्कॅनच्या फिल्मसह शस्त्रक्रिया झालेल्या ठिकाणीच आणावे.

आज संध्याकाळी भेटीच्या वेळी वडिलांना ‘बरे वाटते का’ असे विचारू नका, कारण त्याला ‘हो’ एवढेच उत्तर येते. लासलगावला कांदा शेवटचा कितीला दिला, हे विचारा. भाव आणि वर दोन शिव्या असे उत्तर आले तर ठीक. नुसते पाहत राहिले, आणि काल असे नव्हते, तर तेथूनच उठून डॉक्टरांना सांगा.